न्यूरल सर्किटच्या अभ्यासाकडे वळताना: आधी तंत्र की आधी प्रश्न?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जीवशास्त्रातली एमएस्सी संपत आली आहे आणि न्यूरल सर्किटवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या न्यूरॉनच्या (चेतापेशींच्या) जाळ्यांवर, पीएचडी करायची इच्छा आहे. पॅच क्लॅम्प (काचेच्या पिपेटने एका पेशीची विद्युत-नोंद), टू-फोटॉन इमेजिंग (जिवंत मेंदूतल्या पेशींची चमक सूक्ष्मदर्शकाने टिपणं), ऑप्टोजेनेटिक्स (प्रकाशाने न्यूरॉन चालू-बंद करणं) आणि कोडिंग यांपैकी आधी काय शिकावं? गणित शाळेनंतर सुटलंय, मग आता उशीर झालाय का? आणि माशीच्या मेंदूचा पूर्ण नकाशा हाती आल्यावर नव्या माणसाला यात करण्यासारखं उरलंय तरी काय?

मी उंदरांच्या कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) सर्किटवर काम करते. माझ्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी हेच विचारतात, साधारण याच क्रमाने. उत्तर मी उलट्या क्रमाने देते, कारण शेवटचा प्रश्न नीट उलगडला की पहिल्या प्रश्नाची धार बरीच कमी होते.

तर नकाशापासून सुरुवात. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा कनेक्टोम, म्हणजे जोडणीचा नकाशा, प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १ लाख ३९ हजार न्यूरॉन आहेत आणि ५ कोटींच्या घरात सिनॅप्स (न्यूरॉनमधले जोड). २०२५ मध्ये उंदराच्या दृष्टी-कॉर्टेक्सच्या एक घन मिलिमीटर तुकड्याचा नकाशा आला, त्या एवढ्याशा तुकड्यात ५० कोटींहून जास्त सिनॅप्स निघाले. हे काम फार मोठं आहे आणि माझ्या रोजच्या कामाची पद्धत त्यामुळे बदलली आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सी. एलिगन्स या कृमीच्या ३०२ न्यूरॉनची जोडणी १९८६ सालीच छापून आली होती. त्या कृमीवर संशोधकांची एक अख्खी पिढी घडली, तरी नुसती जोडणी पाहून तो पुढच्या मिनिटाला कुठे वळेल हे आजही सांगता येत नाही.

का, ते खेकड्यांवरच्या कामातून सगळ्यात स्वच्छ दिसतं. खेकडे आणि लॉब्स्टर यांच्या पोटाच्या हालचाली चालवणारी एक छोटी गँग्लिऑन (न्यूरॉनचा गुच्छ) असते, २५ ते ३० न्यूरॉनची. कोण कोणाला जोडलेलं आहे हे तिथे बऱ्याच काळापासून माहीत आहे. न्यूरोशास्त्रज्ञ ईव्ह मार्डर आणि इतरांनी दाखवून दिलं की त्याच जोडणीवर वेगवेगळी न्यूरोमॉड्युलेटर (न्यूरॉनचं वागणं बदलणारी) रसायनं सोडली की तीच गँग्लिऑन वेगवेगळे ताल देते. काही न्यूरॉन एका तालातून निघून दुसऱ्या तालात सामीलसुद्धा होतात. म्हणजे एकाच नकाशावर अनेक सर्किटं वसलेली असतात, आणि त्यांतलं आत्ता कोणतं चालू आहे हे तारा पाहून कळत नाही. २००४ मध्ये त्याच गटाने या सर्किटच्या एका छोट्या भागाची २ कोटींहून जास्त संगणकीय रूपं चालवून पाहिली. सिनॅप्सची ताकद आणि पेशीच्या पडद्यातल्या आयन-वाहिन्यांचं (विद्युतभारित कण ये-जा करतात त्या छिद्रांचं) प्रमाण यांत जमीन-अस्मानाचा फरक असलेल्या लाखो रूपांनी जवळपास सारखाच ताल दिला.

या एका निष्कर्षाने माझ्या विचारांची घडी बदलली, म्हणून त्यावर थोडं थांबते. आपण दहा प्राण्यांत एखादी गोष्ट मोजतो, सरासरी काढतो आणि ‘हे सर्किट असं आहे’ म्हणतो. पण तोच ताल देणाऱ्या दोन प्राण्यांत आतली रचना वेगवेगळी असेल, तर त्या सरासरीसारखा एकही प्राणी प्रत्यक्षात नसण्याची शक्यता असते. सर्किट समजून घेणं म्हणजे कोणत्या गोष्टी बदलल्या तरी चालतात आणि कोणत्या बदलल्या की वर्तन कोसळतं, हे शोधणं. ते काम जेमतेम सुरू झालं आहे. तेव्हा ‘उरलंय काय’ या काळजीने झोप घालवू नका.

नकाशा कामाला कधी येतो याचंही एक उदाहरण देते, नाहीतर मी त्याला कमी लेखते असं वाटेल. उंदीरवर्गी प्राण्यांत डोक्याची दिशा सांगणारे न्यूरॉन सापडल्यावर १९९० च्या दशकात सिद्धांतकारांनी एक कल्पना मांडली: हे न्यूरॉन जणू एका कड्यावर मांडलेले असावेत, शेजारी शेजाऱ्याला उत्तेजन देत असावा, लांबच्यांना दाबलं जात असावं, आणि प्राणी वळला की सक्रियतेचा एक उंचवटा त्या कड्यावर सरकत असावा. २०१५ मध्ये जनेलिया संशोधन केंद्रात योहानेस सीलिग आणि विवेक जयरामन यांनी चेंडूवर चालणाऱ्या माशीच्या मेंदूत डोकावून पाहिलं, तर तिथे खरोखरच कड्याच्या आकाराच्या भागात असा उंचवटा माशीच्या वळण्याबरोबर फिरत होता. दिवे बंद केल्यावरही तो टिकून राहिला. पुढे त्या भागाची बारीक जोडणी हाती आली, तेव्हा तो उंचवटा सरकवणारे न्यूरॉन तारेनिशी दाखवता आले. इथे नकाशा इतका बोलका ठरला कारण त्याला काय विचारायचं हे आधीपासून ठरलेलं होतं.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळते. तंत्र कुठलं, यापेक्षा तुमचा पेच खोल आहे असं मला वाटतं. तुम्ही ‘न्यूरल सर्किट’ हा विषय निवडलाय, पण कुठल्या प्राण्याचं, कुठल्या वर्तनाचं सर्किट, हे तुमच्या प्रश्नात कुठेच आलेलं नाही. ते ठरल्याशिवाय तंत्र निवडणं म्हणजे रोग ठरायच्या आधी औषध घेणं.

चांगला पहिला प्रश्न कसा ओळखायचा? मी तीन गोष्टी बघते. सर्किटमध्ये आत काय जातंय ते तुमच्या ताब्यात आहे का? बाहेर काय येतंय ते तुम्ही नेमकं मोजू शकता का? आणि मधे काय घडत असावं याबद्दल निदान दोन अशा कल्पना तुमच्याकडे आहेत का, ज्यांची भाकितं एकमेकांशी भांडतात? तिसऱ्या गोष्टीवर बहुतेक प्रकल्प अडकतात. ‘अमुक भागातले न्यूरॉन निर्णय घेताना काय करतात ते पाहू’ हा प्रश्न दिसायला मोठा आहे. पण काहीही दिसलं तरी त्याला ‘होय’ म्हणता येतं, आणि दोन-तीन वर्षांनी हातात आलेखांचा ढीग आणि डोक्यात गोंधळ उरतो.

प्राण्याची निवड मात्र खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे. कोणत्या लॅबमध्ये जागा मिळते, तिथे काय सोयी आहेत, तुम्हाला कुठे राहणं शक्य आहे, हे सगळं त्यात येतं. माशीत एकेक प्रकारचा न्यूरॉन जनुकीय साधनांनी पकडता येतो आणि पिढी दहा-बारा दिवसांत वाढते. झेब्राफिशचं पिल्लू पारदर्शक असतं, त्यामुळे त्याच्या जवळपास सगळ्या मेंदूची सक्रियता एकाच वेळी टिपता येते. उंदराचं वर्तन जास्त समृद्ध आहे आणि त्याचा कॉर्टेक्स आपल्याला जवळचा वाटतो, पण मेंदूत ७ कोटींच्या आसपास न्यूरॉन, आणि एकेका प्राण्याला काम शिकवण्यात आठवडे जातात. ‘मला माणसाचा मेंदू समजायचाय, म्हणून उंदीरच हवा’ असं बरेच जण म्हणतात. मला ते कारण पुरेसं वाटत नाही. मज्जातंतूतला विद्युत-संकेत कसा तयार होतो हे आपण स्क्विडच्या जाड अ‍ॅक्सॉनवरून (न्यूरॉनच्या लांब तंतूवरून) शिकलो. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांची त्याबद्दलची १९५२ सालची समीकरणं आजही माणसाच्या न्यूरॉनच्या मॉडेलमध्ये वापरली जातात.

इथवरचं दोन ओळींत सांगायचं तर: नकाशा प्रश्न संपवत नाही, प्रश्न जास्त नेमके करायला भाग पाडतो, आणि आधी वर्तन व प्राणी, मग तंत्र.

तरीही तंत्राबद्दल माझं एक ठाम मत आहे आणि ते सगळ्यांना पटत नाही. पुढे तुम्ही काहीही करणार असाल, अगदी आयुष्यभर संगणकावरच बसणार असाल, तरी एकदा स्वतःच्या हाताने एका न्यूरॉनची विद्युत-नोंद घ्या. मेंदूचा ३०० मायक्रोमीटर जाडीचा काप, त्यावरून वाहणारं द्रावण, त्यात बुडबुडणारा ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. सूक्ष्मदर्शकाखाली तुम्ही काचेचा पिपेट उतरवता, त्यातून हलकासा दाब बाहेर सोडत. टोक पेशीजवळ आलं की त्या दाबाने पेशीच्या पृष्ठभागावर एक बारीकशी खळी पडते. ती दिसताक्षणी दाब काढायचा. सगळं जुळून आलं तर पेशीचा पडदा काचेला चिकटतो आणि यंत्रावर दिसणारा रोध काही मेगाओहमवरून एक गिगाओहमच्या वर चढतो. मग तोंडाने एक छोटासा झटका ओढला की पडदा फुटतो, आणि तुम्ही पेशीच्या आत असता: उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास स्थिर व्होल्टेज. थोडा विद्युतप्रवाह सोडला की एखादी पेशी दोन-तीन स्पाइक (क्षणिक विद्युत-ठोके) देऊन संथ होते, तर शेजारचा फास्ट-स्पायकिंग इंटरन्यूरॉन (शेजारच्या पेशींना दाबणारा, वेगाने स्पाइक देणारा न्यूरॉन) सेकंदाला शंभराहून जास्त स्पाइक न दमता मारत राहतो.

हा अनुभव का हवा? कारण पुढे कॅल्शियम इमेजिंगचा डेटा पाहताना तुम्हाला कळेल की संगणकाच्या पडद्यावर लुकलुकतंय ते स्पाइक नाहीत. जीकॅम्प हे प्रथिन कॅल्शियम वाढल्यावर चमकतं आणि सावकाश विझतं. त्याच्या हळू प्रकारांत ते विझायला अर्धा सेकंद, कधी त्याहून जास्त लागतो. तेवढ्या वेळात तो इंटरन्यूरॉन डझनावारी स्पाइक देऊन मोकळा झालेला असतो. शिवाय आजूबाजूच्या तंतूंची चमक तुमच्या पेशीच्या चमकेत मिसळते, श्वासागणिक मेंदू हलतो, आणि हे सगळं साफ करणारं सॉफ्टवेअर काही गृहीतकं धरून चालतं. ज्याने खरा स्पाइक हाताने पकडलाय त्याला ती गृहीतकं कुठे तुटतात याचा वास लवकर येतो. टू-फोटॉन सूक्ष्मदर्शक चालवायला काही महिन्यांत शिकता येतं. ही नजर यायला मात्र वेळ लागतो, म्हणून तिची सुरुवात लवकर झालेली बरी.

नोंदी घेण्यातला आणखी एक सापळा सांगते. समजा उंदराला आडव्या-उभ्या रेषा दाखवताय आणि दृष्टी-कॉर्टेक्समधले न्यूरॉन नोंदवताय. त्याच चित्राला त्याच न्यूरॉनचा प्रतिसाद दर वेळी वेगळा येतो. बराच काळ हा फरक ‘गोंगाट’ म्हणून बाजूला टाकला जायचा. २०१९ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी उंदराच्या चेहऱ्याचं आणि अंगाचं चित्रण नोंदींशी ताडून पाहिलं, तेव्हा दिसलं की या चढ-उताराचा मोठा वाटा मिशा हलवणं, नाक फुरफुरणं, पाय मारणं अशा हालचालींशी जुळतो, तोसुद्धा अगदी दृष्टीच्या भागात. तेव्हापासून माझा नियम आहे: प्राण्यावर कॅमेरा नसेल तर नोंद सुरू करायची नाही. ‘निर्णयाचा न्यूरॉन’ म्हणून मिरवलेला कितीतरी डेटा प्रत्यक्षात बक्षीस मिळायच्या आधी ओठ हलवण्याचा असू शकतो.

आता सर्किटच्या अभ्यासाच्या गाभ्याकडे येते. २००५ मध्ये न्यूरॉनमध्ये चॅनेलरोडॉप्सिन-२ हे प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन (अशा प्रथिनांना ऑप्सिन म्हणतात) घालून निळ्या प्रकाशाने मिलिसेकंदांच्या अचूकतेने स्पाइक उठवता येतात हे दाखवलं गेलं, आणि आपलं क्षेत्र पालटलं. नुसतं बघण्याऐवजी सर्किटमध्ये हात घालता येऊ लागला. नव्या मुलांना ऑप्टोजेनेटिक्सचं जे आकर्षण वाटतं ते मला पूर्ण समजतं, मलाही ते वाटतं. पण ‘हे न्यूरॉन बंद केले, वर्तन बिघडलं, म्हणजे ते वर्तन हे न्यूरॉनच करतात’ हे वाक्य जितकं सरळ वाटतं तितकंच फसवं आहे.

२०१५ मधला एक प्रयोग मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला देते. उंदीरवर्गातल्याच मोठ्या रॅटना एक कळ ठरावीक अंतराने दाबायचं कौशल्य शिकवलं होतं. शिकून झाल्यावर मोटर कॉर्टेक्स (हालचालींशी संबंधित भाग) औषधाने तात्पुरता बंद केला, तर कौशल्य कोसळलं. तोच भाग कायमचा काढून टाकला आणि प्राणी बरे होऊ दिले, तर कौशल्य शाबूत! त्याच संशोधकांना गाणाऱ्या झेब्रा फिंच पक्ष्यातही असाच प्रकार आढळला: गाण्याशी संबंधित एक भाग अचानक बंद केला की गाणं बिघडतं, पण तो कायमचा गेल्यावर ते सरावाशिवायही सावरतं. म्हणजे एखादा भाग अचानक गप्प झाला की त्याच्याकडून सतत काहीतरी येत राहील अशी सवय असलेले पुढचे भागही डगमगतात. आपण मोजतो तो त्या डगमगण्याचा परिणाम, आणि नाव मात्र बंद केलेल्या भागाला देतो.

याचा अर्थ हे प्रयोग करू नयेत असा नाही. ते करताना काय जोडीला हवं, हे शिका. प्रकाशाने ऊती थोडी तापते आणि त्याने न्यूरॉनचं वागणं बदलतं, म्हणून ऑप्सिन नसलेले, फक्त चमकणारं प्रथिन असलेले प्राणी तुलनेला हवेतच. अ‍ॅक्सॉनच्या टोकावर प्रकाश टाकला तरी स्पाइक उलटा धावत पेशीपर्यंत आणि तिथून तिच्या दुसऱ्या फांद्यांत जाऊ शकतो, म्हणून ‘फक्त हाच मार्ग चालू केला’ असं म्हणण्याआधी ते तपासायला हवं. आणि ज्या भागात तुम्ही ढवळाढवळ करताय, त्याच्या पुढच्या भागात त्या क्षणी काय घडतंय याची नोंद घ्या. एवढं सगळं एकाच प्रयोगात बसवणं कष्टाचं आहे, पण निष्कर्ष टिकतो तो यामुळेच.

गणिताबद्दल सांगायचं तर अजिबात उशीर झालेला नाही. रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि साधी विकलक समीकरणं, एवढ्यावर बरीच मजल मारता येते. पुस्तक पहिल्या पानापासून संपवायच्या मागे लागू नका. पायथनमध्ये एका गळक्या इंटिग्रेट-अँड-फायर न्यूरॉनचं (येणारे संकेत साठवत, थोडे गळू देत, मर्यादा ओलांडली की स्पाइक देणाऱ्या न्यूरॉनचं) मॉडेल लिहा, दहा-पंधरा ओळींचं काम आहे. मग असे दोन न्यूरॉन एकमेकांना दाबणारे जोडा आणि कधी ते आळीपाळीने पेटतात, कधी एकच जिंकतो, हे बघा. पुढे हॉजकिन-हक्सली. हे करताना जिथे अडाल तेवढं गणित त्या वेळी शिका, ते पक्कं बसतं. मदत लागली तर २०२० पासून न्यूरोमॅच अकादमी ऑनलाइन चालते आणि तिचं शिक्षणसाहित्य खुलं आहे.

खऱ्या डेटासाठी लॅबची वाट पाहायची गरज नाही. अ‍ॅलन इन्स्टिट्यूटने उंदराच्या दृष्टी-कॉर्टेक्सच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत, इंटरनॅशनल ब्रेन लॅबोरेटरीचा डेटा आहे, डँडी या खुल्या डेटा-संग्रहात कितीतरी गटांच्या नोंदी आहेत. छापून आलेल्या एका शोधनिबंधातली एकच आकृती निवडा आणि मूळ डेटावरून ती स्वतः काढून बघा. सारखी आली तर उत्तम. नाही आली तर का नाही आली हे शोधताना तुम्ही जे शिकाल ते कुठल्याच वर्गात मिळत नाही. माझ्याकडे अर्ज करणाऱ्यांपैकी ज्याने असं काही केलंय त्याच्याशी मी आधी बोलते, त्याच्या पदवीचा विषय कुठलाही असो. आणि संख्याशास्त्रातली एक गोष्ट आत्ताच मनात ठसवा: तीन उंदरांतले सहाशे न्यूरॉन म्हणजे सहाशे स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. एकाच उंदरातले न्यूरॉन एकमेकांसारखे असतात. त्यांना स्वतंत्र धरून काढलेली पी-व्हॅल्यू (प्रत्यक्षात काही फरक नसता तर इतका टोकाचा निकाल दिसण्याची शक्यता) कितीही लहान असली तरी ती विश्वास ठेवण्यासारखी नसते.

लॅब निवडताना निबंधांची यादी पाहाच, पण तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी गाइडच्या गैरहजेरीत बोला. त्यांना विचारा: तुमचा निकाल गाइडच्या आवडत्या कल्पनेच्या विरोधात गेला तेव्हा काय झालं? ज्या लॅबमध्ये या प्रश्नाला लगेच, सहज उत्तर येतं, तिथे माणूस घडतो. यंत्र बिघडलं तर कोण दुरुस्त करतं, कोड एकमेकांत वाटला जातो का, आधीच्या विद्यार्थ्यांना सरासरी किती वर्षं लागली, हेही विचारा. मोठ्या नावाच्या लॅबमध्ये गाइड महिनोन्महिने भेटत नाही, तर नव्या लॅबमध्ये रोज शेजारी बसून शिकवतो पण साधनं कमी असतात. यांतलं काय परवडेल हे तुमच्या स्वभावावर आणि घरच्या जबाबदाऱ्यांवर ठरेल, ते मी इथून सांगू शकत नाही. शक्य असेल तर आधी दोन-तीन महिने तिथे काम करून बघा. पीएचडी सुरू झाल्यावर अमेरिकेतल्या वुड्स होल किंवा कोल्ड स्प्रिंग हार्बर इथल्या संशोधन केंद्रांच्या उन्हाळी अभ्यासक्रमांना जरूर अर्ज करा. तिथे रात्री उशिरापर्यंत प्रयोग चालतात, ओळखी होतात, आणि बऱ्याच जणांना मदतीचा निधीही मिळतो.

शेवटी एक गोष्ट, जी मुलाखतीत सहसा कोणी काढत नाही. प्राण्यांतल्या सर्किटवर काम म्हणजे शस्त्रक्रिया, आणि बहुतेक वेळा प्रयोगाच्या शेवटी त्या प्राण्याचा मृत्यू. नैतिक समितीची परवानगी, वेदनाशामक, कमीत कमी प्राणी वापरण्याचे नियम हे सगळं असतं आणि ते काटेकोर पाळायचं असतं, तरी ते काम शेवटी तुमच्या हातून होणार असतं. काहींना ते जमतं, काहींना वर्षभरानंतरही जमत नाही. म्हणून प्रवेश घेण्याआधी लॅबला विनंती करा की एक शस्त्रक्रिया सुरुवातीपासून शेवटपर्यंत शेजारी उभं राहून बघू द्या. बघवलं नाही, तर तेवढ्यावरून हे क्षेत्र सोडू नका. सिद्धांत, मॉडेल आणि खुल्या डेटाचं विश्लेषण यांतून सर्किटवर पूर्ण वेळ, पहिल्या दर्जाचं काम करणारे लोक आहेत. दिशेच्या त्या कड्याची कल्पनासुद्धा आधी कागदावरच मांडली गेली होती. तुमचा कल कुठल्या वर्तनाकडे आहे ते ठरलं की पुन्हा लिहा, मग कोणत्या प्राण्यापासून सुरुवात करावी यावर जास्त नेमकं सांगता येईल.